रॉजर आणि विल्को

हिसारला पोस्टिंग होतं तेव्हा दिल्लीहून परतताना कधी झज्जरमार्गे आलो, तर वाटेत चर्खी दादरी लागायचं. हरियाणातलं साधं गाव, भोवती शेती. पण तिथून जाताना गाडीतलं बोलणं आपोआप थांबायचं.

१२ नोव्हेंबर १९९६. मी खडकवासल्याला कॅडेट होतो. त्या संध्याकाळी या गावाच्या आकाशात दोन विमानं एकमेकांवर आदळली. दिल्लीहून दहरानला निघालेलं सौदियाचं बोईंग ७४७ आणि कझाकस्तानहून दिल्लीला उतरणारं इल्यूशिन ७६. दोन्हींतले मिळून ३४९ जण गेले, एकही वाचला नाही. बोईंगमधले बरेचसे प्रवासी आखातात कामाला निघालेली आपली माणसं होती.

नियंत्रकाने सौदियाला १४,००० फुटांवर थांबवलं होतं आणि कझाक विमानाला १५,००० वर. मधे हजार फूट अंतर, नियमाप्रमाणे पुरेसं. समोरून विमान येतंय हेही त्याने कळवलं होतं, आणि पोचही मिळाली होती. तरी कझाक विमान १५,००० च्या खाली उतरत राहिलं.

नियंत्रकाला ते दिसलं का नाही? कारण तेव्हा दिल्लीत प्राथमिक रडारच वापरात होतं. पडद्यावर ठिपका दिसे, विमान कुठे आहे ते कळे, पण किती उंचीवर आहे ते नाही. उंची वैमानिक सांगेल तीच खरी. तिकडे कझाक विमानात बोलणारा वेगळा आणि विमान चालवणारे वेगळे. रेडिओ ऑपरेटर मागे बसलेला, त्याच्यापुढे स्वतःचं उंचीमापक नाही. उंची चुकल्याचं शेवटी त्याच्याच लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. न्यायमूर्ती लाहोटी आयोगाने दोष कझाक वैमानिकांवर ठेवला. त्यांचं इंग्रजी कच्चं असल्याचा मुद्दाही चौकशीत आला.

त्यानंतर बरंच बदललं. दुय्यम रडार आलं. ते विमानाला प्रश्न विचारतं आणि विमानातला ट्रान्सपॉन्डर आपली ओळख व उंची स्वतःच कळवतो. दिल्लीत येणाऱ्या आणि जाणाऱ्या विमानांचे मार्ग वेगळे झाले. टक्कर टाळणारी टीकॅस यंत्रणा सक्तीची झाली. तीत दोन विमानांची यंत्रं आपसात बोलतात आणि एकाला वर जा, दुसऱ्याला खाली जा असं सांगतात. अरबी समुद्र आणि बंगालच्या उपसागरावर पूर्वी खरखरणाऱ्या एचएफ रेडिओवर ओरडावं लागे. आता तिथे डेटालिंकने लेखी सूचना जातात, आणि वैमानिक बटण दाबून उत्तर देतो: 'विल्को'.

हा शब्द फौजेतल्या कुठल्याही सिग्नलवाल्याला ओळखीचा. वायरलेसवर 'रॉजर' म्हणजे संदेश मिळाला, एवढंच. 'विल्को' म्हणजे समजला, आणि तसंच करतो. नवशिका जवान दोन्हींची गल्लत करतो, आणि उस्ताद त्याला मैदानाला चक्कर मारायला लावतो. तेव्हा आम्हाला तो उस्तादाचा खाक्या वाटायचा.

चर्खी दादरीला संदेश पोचला होता. पण तो पाळला जातोय की नाही, हे बघायला दुसरा डोळा नव्हता. नव्या यंत्रांनी तो डोळा दिला. मात्र 'विल्को'चं बटण दाबणारं बोट अजूनही माणसाचंच आहे. म्हणून माझ्या पोरांना मी आजही सांगतो: ऐकलंत ना, आता परत म्हणून दाखवा.