आधी शाळा, मग कारखाना

१८९६ साली मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते चापेकर बंधूंचे काम, हे मराठी वाचकाला सांगायला नको. पण ते हट्टी डाग काढून पुतळा पुन्हा पांढरा करणारा माणूस आपल्या स्मरणात नाही. ते होते प्राध्यापक त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, सुरतेच्या सुतार घराण्यातले रसायनशास्त्रज्ञ. पुतळा पुसल्याबद्दल त्यांना शाबासकी द्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी त्यांच्या मागे लागलो तो त्यांच्या बडोद्यातल्या कामामुळे.

सयाजीराव गायकवाडांनी १८९० मध्ये बडोद्यात कलाभवन काढले आणि ते गज्जरांच्या हाती दिले. नाव ऐकून चित्रशाळा वाटते. चित्रकला तिथे होतीच, पण इथे कला म्हणजे मुख्यतः हुन्नर: सुतारकाम, यंत्रकाम, रंगाई, छपाई. विशेष म्हणजे शिक्षण देशी भाषेतून. हातात रंधा धरता येणाऱ्या मुलाने इंग्रजीच्या उंबरठ्यावर अडू नये, हा विचार त्यामागे होता. अशा विषयांची पुस्तके देशी भाषेत नव्हती, म्हणून तीही लिहवून घ्यायचा उद्योग बडोद्यात सुरू झाला. आज ‘मातृभाषेतून अभियांत्रिकी’ ही नवी कल्पना म्हणून मांडली जाते, तेव्हा मला हसू येते.

मुंबईचे गणित वेगळे होते. तिथे १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाले, तेव्हा दावर यांच्या पहिल्या कापड गिरणीला तीस वर्षे उलटून गेली होती. भोंगे आधी वाजत होते. शाळा मागून आली. बडोद्यात उलटे झाले. शाळा उभी राहिली, पण तिच्यातून बाहेर पडणाऱ्या पोराने जायचे कुठे?

इथे हमखास दादासाहेब फाळक्यांचे नाव पुढे केले जाते. फाळके जे. जे. कला विद्यालयातून कलाभवनात आले. गज्जरांनी त्यांना छायाचित्रणाची साधने मोकळेपणाने वापरू दिली, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. पण कलाभवन ते १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ यांमध्ये दोन दशकांहून अधिक काळ गेला. गोध्र्यात छायाचित्रांचा धंदा, मग पुरातत्त्व खात्यात नोकरी, मग छापखाना. त्यांच्या हाताला आलेले सगळे हुन्नर पुढे सिनेमात लागले, हे खरे. तरीही एवढा वळसा घालून टिकून राहणारा माणूस हा शाळेच्या यशाचा पुरावा मानायला मी तयार नाही. वळसा न झेपलेल्यांची चरित्रे कोणी लिहीत नाही.

मी स्वतः आयटीआयचा फिटर. प्रमाणपत्र मिळाले तेव्हा आमच्या तालुक्यात फिटर लागेल असा एकही कारखाना नव्हता. काही वर्षे मी एका पतसंस्थेत पावत्या फाडल्या. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कारखानदारांवर उमेदवार घेण्याचे बंधन घातले, पण बंधन घालायला आधी कारखानदार तर हवा! आमच्या भागात तो नव्हता. आयटीआय मात्र होते, आणि दर जूनला नवी तुकडी भरत होती.

गज्जरांना ही गोम कळली असावी, असा माझा तर्क आहे. तो मी त्यांच्या पुढच्या वाटचालीवरून करतो. कलाभवन सोडून ते मुंबईत आले, तिथे रसायनांची स्वतःची प्रयोगशाळा चालवली, विद्यार्थी घडवले. आणि मग १९०७ मध्ये कोटिभास्कर व अमीन या दोन शिष्यांसह ‘ॲलेम्बिक’ हा रसायनांचा कारखाना उभा करण्यात भाग घेतला. शिकवलेल्या मुलांना कोणी कामावर घेईल, याची वाट मास्तरांनी पाहिली नाही. हे करायला त्यांना संस्थानिकाचा आश्रय होता आणि स्वदेशीची हवा होती. या दोन्ही गोष्टी तालुक्याच्या आयटीआयमधल्या निदेशकाकडे नसतात, हेही लक्षात ठेवायला हवे.

कलाभवन १९४९ मध्ये नव्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात सामील झाले आणि तिथली तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखा बनले. आज तिथे पदवीचे शिक्षण इंग्रजीतून चालते. ‘ॲलेम्बिक’ बडोद्यातच आहे, औषधे बनवते.