आकाशवाणीने नाकारलेली पेटी

#धागा
स्पेनच्या आंद्रेस सेगोव्हियाने गिटारला मैफलीच्या मंचावर मान मिळवून दिला, ही कथा आपण कौतुकाने वाचतो. आपल्याकडेही परक्या वाद्याची अशी एक कथा आहे, आणि तिच्यात चक्क सरकारी बंदी आहे. ते वाद्य म्हणजे पेटी, अर्थात हार्मोनियम.

१८४२ मध्ये पॅरिसच्या दबँने तिचे एकस्व घेतले. पुढे कलकत्त्यात द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर बसून वाजवता येईल अशी, हातभात्याची पेटी घडवली. एक हात भात्यावर, दुसरा पट्ट्यांवर. तारा जुळवण्याचे कष्ट नाहीत आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत! संगीत नाटकाला आणखी काय हवे होते? ‘मानापमान’च्या (१९११) चाली देणारे गोविंदराव टेंबे स्वतः नामांकित पेटीवादक. तरी सारंगी लगेच हद्दपार झाली नाही. गंधर्व मंडळीत ऑर्गनच्या जोडीला कादरबक्षांची सारंगी होतीच.

आक्षेप मात्र खरा होता. पट्टीचा स्वर जागचा हलत नाही, त्यामुळे मींड निघत नाही. समान अंतरांच्या सप्तकात श्रुतीही बसत नाहीत. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि न्यायाधीश क्लेमंट्स यांनी यावर उपाय म्हणून श्रुतींची पेटीच बनवून घेतली. पराक्रम बुद्धीचा, पण गवयांनी ती आपली मानली नाही.

१ मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटी बंद झाली. इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स तिच्यावर आधीच तुटून पडला होता. रवींद्रनाथांनाही ती नको होती. (युरोपीय वाद्य भारतीय संगीताला बाधते, हे सांगण्यात एक इंग्रज आघाडीवर!) इंग्रज गेले, बंदी राहिली. बा. वि. केसकरांसारखा मराठी, संगीतप्रेमी मंत्री आला, तरीही राहिली. ती सैल झाली १९७१ मध्ये. या काळात पेटीवाल्यांचे रेडिओचे दार बंद झाले, हे खरे. पण सारंगियांना त्याच रेडिओने नोकऱ्या दिल्या, हे बंदीला नावे ठेवताना आपण विसरतो.

शिरूर-दौंडकडच्या भजनी मंडळांनी आकाशवाणीची परवानगी कधी मागितली नाही. दौंड तालुक्यात चौफुल्याच्या कला केंद्रांत आजही ढोलकी-तबल्याशेजारी पेटीमास्तर बसतो. बैठकीच्या लावणीत गाणारी एकच ओळ नवनव्या अदेने फिरवत राहते, आणि तो तिच्या चेहऱ्यावर नजर ठेवून स्वर धरून असतो.