गव्हाची बर्बन : चव, गुण आणि पत



व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून कोणी मद्याचा इतिहास सांगू लागला, तर काहींच्या भुवया उंचावणे स्वाभाविक आहे. मद्यपानाची भलावण करण्यासाठी मी येथे उभा नाही. परंतु बाजारात येणाऱ्या वस्तूची पारख कोणी करावयाची आणि कशाच्या आधारावर, हा प्रश्न तूप, तेल, औषध यांच्याइतकाच मद्यालाही लागू आहे. अमेरिकेतील केंटकी प्रांताने या प्रश्नाशी सुमारे दीडशे वर्षे जी झटापट केली, तिच्यातून आपणांस शिकण्याजोगे पुष्कळ आहे. त्यासाठी मी एकच उदाहरण घेणार आहे, आणि ते म्हणजे गव्हाच्या बर्बनचे.

बर्बन ही अमेरिकन व्हिस्की. तिच्या धान्यात मका किमान ५१ टक्के असावा लागतो. ती आतून जाळून काळ्या केलेल्या नव्या ओकच्या पिंपात मुरवावी लागते, आणि तिच्यात बाहेरून रंग वा स्वाद घालता येत नाही. १९६४ साली अमेरिकन काँग्रेसने ठराव करून ती आपल्या देशाची वैशिष्ट्यपूर्ण वस्तू असल्याचे जाहीर केले. मक्याच्या जोडीला बहुतेक भट्ट्यांत राय नावाचे धान्य असते. त्याची चव मिरीसारखी झणझणीत. थोड्या भट्ट्या रायऐवजी गहू घालतात. मेकर्स मार्क या बर्बनमध्ये मका ७० टक्के, गहू १६ टक्के आणि मोड आणलेले सातू १४ टक्के असतात. गहू स्वतः फारसे बोलत नाही. आपली पोळी जशी भाजीच्या चवीच्या आड येत नाही, तसा तो मक्याचा गोडवा आणि लाकडातून उतरणारा व्हॅनिलासारखा सुगंध यांना वाट करून देतो.

जाणकार मंडळी ही बर्बन चाखतात ती अशी : निमुळत्या तोंडाच्या पेल्यात थोडी ओतून आधी रंग पाहावयाचा, मग ओठ किंचित उघडे ठेवून वास घ्यावयाचा, मग लहान घोट जिभेवर फिरवावयाचा. पाण्याचे दोन थेंब घालून पुन्हा तेच करावयाचे, आणि घशाखाली उतरल्यावर चव किती वेळ रेंगाळते ते पाहून शंभरांपैकी गुण द्यावयाचे. पद्धत चांगली आहे. परंतु रंग पिंपातून आला की करपवलेल्या साखरेतून, हे सामान्य गिऱ्हाइकाच्या जिभेला कळत नाही, आणि एकोणिसाव्या शतकातील सारा घोटाळा नेमका येथेच होता.

त्या काळी व्हिस्की पिंपांतून विकली जाई. भट्टी आणि गिऱ्हाईक यांच्यामध्ये घाऊक व्यापारी असत, आणि त्यांतील कित्येक जण कोऱ्या मद्यार्कात रंग, पाक, फळांचे रस, प्रसंगी तंबाखूही मिसळून त्यालाच जुनी व्हिस्की म्हणत. १८७० साली लुईव्हिल येथील जॉर्ज गार्व्हिन ब्राउन यांनी आपली व्हिस्की फक्त मोहोरबंद बाटलीतच विकावयास काढली. पुढे १८९७ साली कायदा झाला. त्यानुसार एकाच भट्टीत, एकाच हंगामात काढलेली, सरकारी देखरेखीखालच्या वखारीत किमान चार वर्षे मुरलेली आणि ५० टक्के मद्यार्काची व्हिस्की सरकारी मोहोर लावून विकता येऊ लागली. या कायद्यामागे एडमंड टेलर यांच्यासारखे भट्टीवाले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. भेसळीने गिऱ्हाईक जितके नाडले जाई, तितकाच सचोटीचा कारागीरही नाडला जात होता.

तरीही व्हिस्की कशाला म्हणावे हा वाद राहिलाच. १९०९ साली राष्ट्राध्यक्ष टाफ्ट यांनी निवाडा दिला : धान्याची ती व्हिस्की, परंतु मिश्रण असेल तर तसे बाटलीवर लिहिले पाहिजे, मळीपासून काढलेला मद्यार्क मात्र व्हिस्की नव्हे. हा निवाडा आपल्यालाही चुटपुट लावणारा आहे, कारण आपल्या देशात व्हिस्की म्हणून विकल्या जाणाऱ्या पुष्कळशा मालाचे मूळ साखर कारखान्यांच्या मळीत आहे.

१९२० ते १९३३ या काळात अमेरिकेत दारूबंदी होती. ती उठल्यावर १९३५ साली लुईव्हिलजवळ शायव्हली येथे स्टिट्झेल-वेलर ही डिस्टिलरी उघडली. तिचे एक चालक ज्युलियन व्हॅन विंकल यांनी १८९३ साली फिरता विक्रेता म्हणून आरंभ केला होता. तेथे गव्हाची बर्बन निघे. जमल्यास नफ्याने, न जमल्यास तोट्याने, पण बर्बन उत्तमच करू, अशा आशयाची पाटी त्यांनी दाराशी लावली होती. १९५३ साली बिल सॅम्युअल्स यांनी लोरेटो गावची एक जुनी डिस्टिलरी विकत घेतली आणि घराण्याची जुनी कृती सोडून गव्हाची वाट धरली. निरनिराळ्या धान्यांचे पाव भाजून त्यांनी गव्हाची निवड केली, अशी हकिकत त्या घराण्यात सांगतात. पत्नी मार्जी यांनी बाटलीचे रूप आणि लाल मेणाची मोहोर ठरवली, आणि १९५८ साली मेकर्स मार्क बाजारात आली.

यानंतरचा भाग दुःखद आहे. व्हॅन विंकल १९६५ साली वारले. लोकांचा ओढा व्होडकासारख्या हलक्या मद्यांकडे गेला. स्टिट्झेल-वेलर १९७२ साली विकली गेली आणि १९९२ साली तेथील भट्टी विझली. याच दशकात व्हॅन विंकल यांच्या नावाने निघालेल्या वीस वर्षे मुरलेल्या बर्बनला एका परीक्षक संस्थेने शंभरांपैकी ९९ गुण दिले. पुढे त्या नावाच्या बाटलीसाठी लोक छापील किमतीच्या कितीतरी पट मोजू लागले. २०१३ साली तर अशा सुमारे दोनशे बाटल्या चोरीस गेल्याचे उघड झाले. एके काळी ज्या मालाचा उठाव घटला होता, त्याच्या नावासाठी आता झुंबड उडाली. गुणांनी कीर्ती वाढवली. विझलेली भट्टी त्यांना पेटवता आली नाही.

त्याच २०१३ सालच्या फेब्रुवारीत आणखी एक बोलकी घटना घडली. मागणी पुरवता येईना, म्हणून मेकर्स मार्कने मद्यार्काचे प्रमाण ४५ वरून ४२ टक्क्यांवर आणण्याचे जाहीर केले. आमच्या चाखणाऱ्यांना फरक जाणवत नाही, असे चालकांचे म्हणणे होते. ते खरे असेलही. परंतु गिऱ्हाइकांनी असा गहजब केला की आठवड्याभरात निर्णय मागे घ्यावा लागला. येथे जिभेचा कौल चालकांच्या बाजूने होता, तरी निकाल त्यांच्या विरुद्ध लागला. कारण लोक केवळ चव विकत घेत नव्हते. बाटलीवर लिहिलेला शब्द पाळला जातो, हा भरवसाही ते विकत घेत होते.

या साऱ्यांतून मी एकच निष्कर्ष काढतो. पेल्यात काय आहे हे जीभ सांगेल. ते कोठून आले, किती वर्षे मुरले, त्यात काय मिसळले, हे तिला सांगता येत नाही. ते लेबलावर लिहावे लागते, आणि लिहिलेले खरे करून दाखवावे लागते. म्हणून परीक्षकाने आधी वाचावे, मग चाखावे आणि मग गुण द्यावे. आपल्यांतील बहुतेकांनी बर्बन कधी चाखली नसेल, चाखूही नये. परंतु तुपाचा डबा आणि औषधाची बाटली आपण सर्वच जण उघडतो. त्यावरचा मजकूर वाचण्याचा आणि त्याचा जाब विचारण्याचा हक्क केंटकीच्या गिऱ्हाइकाइतकाच आपलाही आहे. तो आपण किती बजावतो, याचा विचार घरी जाताना प्रत्येकाने करावा, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.