बाळाची झोप आणि गिरणीचा भोंगा

तान्ह्या बाळाला झोपवायचे कसे, हा घरातला प्रश्न. त्यात इतिहास तो काय, असे आपल्याला वाटते. पण हा प्रश्न घड्याळाशी आणि मजुरीशीही बांधलेला आहे. कसा, ते दापोलीहून मुंबईपर्यंत जाऊन पाहू.

दापोलीच्या खेड्यांत बाळ झोळीत झोपे. आई शेतावर गेली तर आजी किंवा मोठी बहीण झोका देई. बाळ केव्हाही उठले तरी कोणीतरी जवळ असे. नवजात बाळाची गरजही तीच असते. दिवसाकाठी ते चौदा ते सतरा तास झोपते, पण तुकड्यातुकड्यांनी. त्याचे पोट लहान असते, आणि रात्र-दिवस ओळखणारे मेंदूतले घड्याळ नीट चालू लागायला तीन-चार महिने जातात.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबईत कापडगिरण्या वाढल्या. रत्नागिरी जिल्ह्यातून हजारो माणसे तिकडे गेली. दापोलीकरांना हर्णै, दाभोळची बंदरे जवळची. गिरणीत बायकाही काम करीत. चाळीतल्या खोलीत आजी असेलच असे नाही, आणि भोंगा कोणासाठी थांबत नसे. मग बाळाला ‘बाळागोळी’ दिली जाई. तिच्यात अफू असे. मुंबईच्या गिरणी-कामगार स्त्रियांची पाहणी करणाऱ्या डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांनी १९२२ साली नोंदवले, की या स्त्रियांच्या शंभरांतील ९८ बाळांना अफू दिली जाते. अफूने श्वास मंदावतो, भूक मरते. बाळ शांत दिसे. प्रत्यक्षात ते उपाशी राही.

त्या आईला आम्ही दोष देणार नाही. तिच्यापुढे दुसरा पर्याय कोणी ठेवला होता? ५० हून अधिक स्त्रिया असलेल्या कारखान्यात पाळणाघर हवे, असे कारखाने कायद्याने सांगितले ते १९४८ साली.

अमेरिकेतही बाळाला घड्याळाला जुंपण्याचा प्रयत्न झाला. १८९४ साली डॉ. होल्ट यांनी आपल्या पुस्तकात वेळापत्रकाचा आग्रह धरला. १९२८ साली मानसशास्त्रज्ञ वॉटसन यांनी बाळाला फार कुरवाळू नका, असे बजावले. १९८५ साली डॉ. फर्बर यांनी मधला मार्ग सुचवला: रडणाऱ्या बाळाकडे जावे, पण दर खेपेस थोडे अधिक थांबून. सात-आठ महिन्यांच्या बाळांवर अशा सौम्य पद्धती वापरून ऑस्ट्रेलियात पाहणी झाली. तिचा २०१२ सालचा निष्कर्ष असा, की सहाव्या वर्षी त्या मुलांत तोटा दिसला नाही, आणि वेगळा फायदाही नाही.

म्हणजे निवडीला वाव आहे. मर्यादा दोनच: बाळाला उताणे, सपाट व घट्ट अंथरुणावर निजवावे (झोळी याला अपवाद नाही), आणि झोपेचे औषध मनाने कधीही देऊ नये.

वर्गात एक पाहणी करून पाहा. तुम्ही तान्हे असताना तुम्हांला कोण झोपवी, आणि त्या वेळी आई कोठे कामाला जाई, हे मुलांनी घरी विचारावे. उत्तरांतून गावाचा इतिहास हाती येईल.