सामुदायिक डेटा-विश्वस्तता
समाजाकडून गोळा झालेला डेटा कुणी व कुणाच्या लाभासाठी वापरायचा, हे त्या समाजाच्या सहभागाने ठरवण्याची पद्धत. बंगळूरची ‘कार्य’ ही ना-नफा संस्था हे त्या दिशेने टाकलेल्या पावलाचे एक उदाहरण. मायक्रोसॉफ्ट रिसर्चमधील प्रकल्पातून ती २०२१ मध्ये उभी राहिली. मोबाइलच्या पडद्यावरचे वाक्य मोठ्याने वाचून ध्वनिमुद्रित करायचे, असे तिथले एक काम. वाचणाऱ्याला मोबदला मिळतो, आणि डेटा पुन्हा विकला गेला तर स्वामित्वधनही. गरीब, ग्रामीण माणसांकडून दर्जेदार डेटा मिळेल का, अशी शंका घेतली जाते. पण २०२० साली प्रसिद्ध झालेल्या मराठीच्या अभ्यासात ३६ जणांकडून १०९ तासांचे बोलणे जमवले गेले आणि अल्प उत्पन्न गटाचे काम विद्यापीठीय विद्यार्थ्यांच्या तोडीचे ठरले.

खरी अडचण पुढेच आहे. आवाज एकाचा असला तरी भाषा साऱ्यांची असते; म्हणून एकट्या वाचणाऱ्याला मोबदला देऊन भागत नाही. बिगर-वैयक्तिक, म्हणजे व्यक्तीची ओळख न पटवणाऱ्या, डेटावर समुदायाचा हक्क असावा व त्यासाठी विश्वस्त नेमावेत, असे केंद्र सरकारच्या क्रिस गोपालकृष्णन समितीने २०२० मध्ये सुचवले. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा भर मात्र व्यक्तीच्या संमतीवरच आहे. समुदायाच्या वतीने बोलणार कोण, हा आक्षेप रास्तच; तथापि त्यावर उतारा सभासदांची निवड आणि खुला हिशेब हा आहे, हक्कच नाकारणे हा नव्हे.