दिनविशेष – २७ डिसेंबर (२०१०) : लाल महालातील पुतळा हटविला

शिवरायांच्या बालपणीच्या वाड्याची स्मृती म्हणून पुणे महानगरपालिकेने उभारलेल्या लाल महालात जिजाबाई, सोन्याचा नांगर चालविणारे बालशिवाजी आणि दादोजी कोंडदेव यांचे समूहशिल्प होते. त्यातील दादोजींचा पुतळा पालिकेने या दिवशी पहाटे पोलीस बंदोबस्तात हटविला. दादोजी शहाजीराजांच्या जहागिरीचे कारभारी होते, याविषयी फारसे दुमत नाही. ते शिवरायांचे गुरू होते, हे मत मात्र संभाजी ब्रिगेडसारख्या संघटनांना अमान्य होते आणि अमेरिकी अभ्यासक जेम्स लेन यांच्या शिवरायांवरील २००३ मधील पुस्तकानंतर हा वाद अधिकच चिघळला. पुतळा हटविण्याचा निर्णय पालिकेच्या सर्वसाधारण सभेने घेतला होता; पुराव्यांचा प्रश्न असा नगरसेवकांच्या बहुमताने निकाली निघावा, हे इतिहासशास्त्राच्या दृष्टीने विचित्रच होय. शिवसेना व भाजपने कारवाईचा तीव्र निषेध केला.