महसीर: पुण्याचा मासा वाचला, कावेरीचा का संपत आला?

महसीर हे एका माशाचं नाव नाही. 'टॉर' या प्रजातीतल्या बऱ्याच माशांना मिळून महसीर म्हणतात. गोड्या पाण्यातले हे मासे भारतासह दक्षिण आणि आग्नेय आशियातल्या नद्यांमध्ये सापडतात. हिमालयातला सोनेरी महसीर सगळ्यात प्रसिद्ध, पण आजची गोष्ट दक्षिणेतल्या दोघांची आहे.

पहिला आपला, निळ्या परांचा महसीर. ईस्ट इंडिया कंपनीचे अधिकारी कर्नल साइक्स यांनी 1839 मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या या माशाचं शास्त्रीय वर्णन केलं. नावही इथल्याच बोलीतून उचललं: 'टॉर खुदरी'. आजची मुळा-मुठा बघितली की हे खरं वाटत नाही, कारण महसीरला स्वच्छ, वाहतं, भरपूर प्राणवायू असलेलं पाणी लागतं. उन्हाळ्यात तो खोल डोहात राहतो आणि पावसाळ्यात प्रवाहाविरुद्ध वर चढून खडी-गोट्यांच्या जागी अंडी घालतो. त्याचे दात जबड्यात नसून घशात असतात. फळांपासून खेकडे-शिंपल्यांपर्यंत सगळं त्याला चालतं.

वाटेत धरण आलं की हा प्रवास थांबतो. त्यात पाण्याचं प्रदूषण आणि सुरुंग लावून होणारी मासेमारी. महाडजवळचं वाळणकोंड किंवा वाडा तालुक्यातलं तिळसे अशा ठिकाणी देवाचे मासे म्हणून त्यांना कुणी हात लावत नाही. बाकी ठिकाणी संख्या घटत गेली.

1970 च्या दशकात लोणावळ्यात टाटांच्या वीज कंपनीच्या केंद्रात या माशाचं कृत्रिम प्रजनन सुरू झालं. मत्स्यशास्त्रज्ञ डॉ. चं. वि. कुलकर्णी यांचा त्यात मोठा वाटा होता. लाखो पिल्लं तयार झाली, अनेक राज्यांत पाठवली गेली. एकेकाळी 'धोक्यात' असलेला हा मासा आता आययूसीएनच्या यादीत 'कमी चिंतेच्या' गटात आहे. कामगिरी मोठीच आहे.

पण ही पिल्लं कावेरीतही सोडली गेली. तिथे आधीपासून दुसरा महसीर राहत होता, कावेरीच्या खोऱ्याबाहेर कुठेच न सापडणारा. पाठीवर बैलाच्या वशिंडासारखा उंचवटा, नारिंगी पर आणि अवाढव्य आकार. 1946 मध्ये काबिनी नदीत गळाला लागलेला महसीर 120 पौंडांचा, म्हणजे सुमारे 54 किलोंचा होता!

बदल लक्षात आला तो गळाने मासे पकडून परत पाण्यात सोडणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदवह्यांमुळे. कर्नाटकातल्या गालिबोरे इथल्या 1998 ते 2012 च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तर निळ्या परांचे मासे वाढत गेलेले आणि वशिंडवाले जवळजवळ दिसेनासे झालेले. धरणं, घटलेलं पाणी, बेकायदा मासेमारी हीही कारणं आहेत. सगळं खापर पाहुण्यावर फोडणं बरोबर नाही. पण अन्न आणि जागेसाठी नवा स्पर्धक आला, हे नाकारता येत नाही.

यातली खटकणारी बाब म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या शिकाऱ्यांना माहीत असलेल्या या माशाला नेमकं शास्त्रीय नावच नव्हतं. आणि नाव नसलेली जात 'धोक्यात' म्हणून यादीत कशी घालणार? 2018 मध्ये संशोधकांनी दाखवून दिलं की 2007 साली छोट्या नमुन्यांवरून वर्णन केलेला 'टॉर रेमादेवी' म्हणजेच हा वशिंडवाला. मत्स्यतज्ज्ञ के. रेमा देवी यांच्यावरून ते नाव दिलं होतं. ओळख पटली आणि त्याच वर्षी आययूसीएनने त्याला थेट 'अतिसंकटग्रस्त' ठरवलं.

ही ओळख पटवण्यासाठी लागलेले मासे मिळाले ते तामिळनाडूतल्या मोयार नदीत. कावेरी खोऱ्यातल्या अशा मोजक्याच पट्ट्यांमध्ये तो आज उरला आहे.